अडसर आतून निघाला

नारायणगुडा, हैदराबाद
१९ नोव्हेंबर १९९५

ती. दादास,

निशाचा नमस्कार. वहिनींनाही सांग. सायलीची सहामाही झाली असेल. गणितात या खेपेला बरे मार्क पडले का? इकडे थंडी सुरू झाली आहे. अण्णा थोडंथोडं जेवतात. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे मीच भरवते. डावा डोळा काढावा लागला. तुला कुणी कळवलं की नाही ठाऊक नाही, म्हणून आधी लिहिलं.

सिरियलचं काम बंद आहे. अण्णांची कादंबरी इतकी वर्षं कुणी विचारली नाही, आणि केबल आल्यावर मुंबईचा हर्षद नावाचा निर्माता आपल्या घरी येऊन बसला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तुलाच झाला होता. "निशे, मन लावून लिही," म्हणाला होतास. मी पटकथा मन लावून लिहिली.

पुस्तक तू वाचलं नव्हतंस. रझाकारांच्या धामधुमीत एका गढीतला पाटील आणि त्याची बायको मारली जातात. त्या रात्रीची हकिगत पाच माणसं पाच तऱ्हेने सांगतात, पण हल्लेखोर दार फोडून आले यावर सगळ्यांचं एकमत. शेवटी उलगडतं की मारेकरी गावातलेच होते, भाड्याचे, आणि अडसर आतून पाटलाच्या पुतण्याने काढला होता. जमिनीसाठी. नाव मात्र रझाकारांवर गेलं.

हर्षदला हे फार गुंतागुंतीचं वाटलं. "ताई, दार बाहेरून फुटू द्या. बघणाऱ्याला पटकन कळतं."

अण्णा म्हणाले, "दार फुटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते पाहिलंय. त्याला साधा ओरखडा नव्हता."

तोपर्यंत मला ती गोष्ट कल्पित वाटत होती. मग कळलं, ती गढी तुझ्या सासऱ्यांची, नामदेवरावांची. तो पुतण्या म्हणजे त्यांचे वडील. अण्णांनी लिहिलं तेव्हा तुझं लग्न ठरलेलंही नव्हतं, आणि नंतर त्यांनी तोंड उघडलं नाही.

दसऱ्याला तुझा फोन आला. नामदेवराव इलेक्शनला उभे राहताहेत, शेवट बदल, म्हणालास. मी नाही म्हणाले. तू फोन ठेवलास.

शूटिंग शहराबाहेरच्या माळावर होतं. गढीचा दरवाजा प्लायवूडचा. अण्णा हौसेने खुर्ची टाकून बसले होते. पुतण्याचं काम रितेश करत होता. आपल्या गल्लीतला, सुशीलाबाईंचा मुलगा. तो अडसर काढणार, एवढ्यात एक लॉरी आणि मागे जीप आली. माणसं उतरली, हातात काठ्या, लोखंडी गज. कॅमेऱ्यामागचे लोक हसले. त्यांना वाटलं, जादा कलाकार आले.

पहिला गज दिव्यावर बसला. दुसरा रितेशच्या गुडघ्यावर. तो खाली पडला तरी मारत राहिले. तोंडावर, बरगड्यांवर. "हमारे साब के बाप को बदनाम करता क्या रे," असं एकजण म्हणत होता, आणि रितेश सांगत होता, "मैं नाटकवाला हूँ जी, मैं नाटकवाला हूँ." मी धावले, तर कुणीतरी वेणी धरून मला मागे फेकलं. अण्णा उठून रितेशवर आडवे झाले. गज त्यांच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग डोक्यावर, डोळ्यावर.

तेव्हा जीपपाशी उभा असलेला माणूस ओरडला, "म्हाताऱ्याला हात लावू नका."

तोंडाला रुमाल बांधला होतास. आवाजाला कसला रुमाल, दादा.

अण्णांनीही ऐकलं. दवाखान्यात इन्स्पेक्टरने विचारलं तर म्हणाले, "धूळ होती. कुणी दिसलं नाही." माझ्याकडे त्यांनी एका डोळ्याने पाहिलं. मीही म्हणाले, धूळ होती.

सुशीलाबाई रितेशसाठी रोज दवाखान्याच्या बाकावर येऊन बसायच्या. मला डबा आणायच्या. "कोन होते गे ते लोकां? माझ्या लेकरानं कोनाचं काय केलतं?" असं विचारायच्या, आणि मी त्यांच्याच डब्यातला घास गिळायची.

परवा पहाटे रितेश गेला. सुशीलाबाईंनी त्याचा चेहरा पाहायला मागितला. चेहरा राहिला नव्हता. त्या माझा हात धरून उभ्या होत्या. तो हात सुटल्यावर मी सरळ ठाण्यावर गेले.

अण्णांना येऊन सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले. मग म्हणाले, "त्याने मला वाचवायला बघितलं, तेही सांगितलंस का?" सांगितलं. जे ऐकलं ते सगळं सांगितलं. ते ओरडणं गज बसल्यावर आलं, तेही सांगितलं.

हे पत्र पोचेपर्यंत पोलीस नांदेडला येऊन गेले असतील. नामदेवराव तुला कुठे लपवतो म्हणाले तर जाऊ नकोस. वहिनी आणि सायलीला इकडे पाठव. त्यांना इथे कुणी काही बोलणार नाही, हे माझ्याकडे लागलं. सायलीला मी काय सांगायचं, ते मात्र तू लिहून कळव. मला सुचत नाही.

जबानी घेताना हवालदाराने विचारलं, प्रमोद भगवंतराव तुमचे कोण?

सख्खा भाऊ, म्हणाले. ते खोडायला सांगणार नाही.

तुझी,
निशिगंधा