शकीबानं शिवलेली बाही

आईला हेरातहून सोहैलाचा सलाम.

आम्ही सुखरूप आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? तू पाठवलेले जर्दाळू शकीबानं येता-जाता संपवले.

शेजारच्या नजीफाबाईंच्या शिवणवर्गात मुली चोरून गणित शिकायच्या, हे तुला ठाऊक आहेच. परवा तालिबानचा एक माणूस झडतीला आला. "शिवणच शिकता ना? मग माझी फाटकी बाही शिवून दाखवा," म्हणाला. बाईंना सुईत दोरा ओवता येईना. तेव्हा आपल्या शकीबानं सुई घेतली आणि मान खाली घालून बाही शिवून दिली. तो खूश झाला, आपली मुलगीही वर्गात धाडली.

ती रोज येते, म्हणून गणित बंद झालं. मुली आता खरोखरच शिवतात. तेव्हा तू काळजी करू नकोस.

काल त्या पोरीनं शकीबाच्या कानाशी लागून विचारलं, "तुला वाचता येतं का गं? मला शिकवशील?"

"मला नाही येत," शकीबा म्हणाली.

घरी येऊन ती जेवली नाही. "अम्मी, ती खरंच विचारत होती," एवढंच बोलली.

पत्र मामाच्या हाती देते आहे, वाचून चुलीत टाक. आमच्यासाठी दुआ कर, त्या पोरीसाठीही.

तुझी सोहैला