‘स्टे’ की ‘लिव्ह’

बाई, आज जिंतूरच्या माझ्या वर्गात ‘स्टे’ आणि ‘लिव्ह’ यांतला फरक शिकवत होते. दुपारचं ऊन संथपणे बाकांवर सरकत होतं आणि बोलता बोलता मला तुमचं सोनपेठचं स्वयंपाकघर दिसायला लागलं. आपल्याकडं एका ‘राहण्या’त सगळं भागतं, इंग्रजांना दोन कशाला लागतात कुणास ठाऊक. तिथं मी सातवीत आहे. आईबाप ऊसतोडीला गेलेत, पोरीची शाळा बुडू नये म्हणून तुम्ही मला घरी ठेवून घेतलंय. पाहुणे आलेत, आणि मी तोऱ्यात त्यांना सांगते, “आय स्टे हिअर.” तुम्ही पोळी लाटता लाटता, मागं न बघताच म्हणता, “स्टे पाहुण्यांनी म्हणायचं. तू लिव्ह म्हण. अन् पाणी काय सारखं मागून पितेस? माठ तुझा न्हाई का?” चारचौघांत बोललात म्हणून मला लय राग आला होता. आमच्या वस्तीतल्या पोरींना गावात पाणी वरून ओंजळीतच मिळायचं, बाई. त्या दिवशी मी माठात स्वतः तांब्या बुडवला.

उन्हाळ्याच्या तोंडावर आई न्यायला आली ती दारातच उभी राहिली. मी तिला आत ओढलं, तर हसून म्हणाली, “लय रुळलीस की गं हितं. आता आमच्यात करमंल का?” करमलं. पण कितीतरी दिवस अर्धवट झोपेत तुमच्याकडं भिंत होती त्याच बाजूला मी कूस वळवायची.

आज तास संपल्यावर एक पोरगी मागं थांबली. तिचेही आईबाप तोडीला गेलेत, ती चुलत्याकडं असते. म्हणाली, “मॅडम, काका म्हणायलेत लय दिवस झाले, आता आईकडं फडावर जा. शाळा सुटंल माझी. मग मी कोणतं म्हणू, स्टे का लिव्ह?” तुमचं उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. पण ते द्यायचं तर आधी घराचं दार उघडावं लागतं. माझ्या दोन खोल्या, सासूबाईंची खाट, नवऱ्याचा चेहरा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. ती वाट बघत होती.

हे कुठं धाडायचं नाही, तुम्हाला जाऊन कैक वर्षं झाली. कबूल एवढंच करते, मी तिला ‘स्टे’ सांगितलं. आणि इंग्रजीच्या हिशेबानं ते बरोबरच होतं.