आठ तीन, शेवटी एक

८ फेब्रुवारी
एकतीस – मूळ संख्या. तीनशे एकतीस – मूळ. तीन हजार तीनशे एकतीस – तीही मूळ. शेवटी एक, आधी हवे तितके तीन. कशानेच भाग जात नाही! सात तीनांपर्यंत हाताने तपासलं. आठ तीनांची राहिली – तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस.

एकवीस मार्चला वाचनालयात माझं व्याख्यान. लेकीने जमवलं. ती शाळेत गणित शिकवते. तिच्या मुख्याध्यापिका येणार. नववीपुढे न गेलेला बाप फळ्यासमोर उभा राहावा म्हणून तिने शब्द टाकला आहे. बजावलं – कॉम्प्युटरला विचारायचं नाही. "नाही विचारत, बाबा."

९ फेब्रुवारी
अठरा हजार दोनशे सत्तावन्नपर्यंतचेच विभाजक पाहायचे. त्यापुढचा असला तर त्याचा जोडीदार अलीकडे सापडतोच. कारखान्यात मी तपासनीस. आमची रीत अशी – लागोपाठ सात नग मापाच्या गेजात बसले की मशीनचं सेटिंग बरोबर, गेज बाजूला. इथेही तेच. लहान विभाजक सातही संख्यांना लावून झाले. ते बाजूला. सातव्या संख्येला पाच हजार सातशेपर्यंतचे लागले होते; सुरुवात त्यापुढून.

२७ फेब्रुवारी
बारा हजार ओलांडले. अजून एकानेही भाग नाही.

१४ मार्च
संपलं. मूळच! हिला सांगितलं. "बरं झालं, आता टेबलावर ताटं मांडता येतील."

१९ मार्च
लेक जेवायला आली. हात धुताना म्हणाली, "लहान आकड्यांनीही पाहिलंत ना?"

म्हटलं, तपासणी मला शिकवू नकोस. ती लवकर गेली.

ही म्हणाली, "विचारलं तर एवढं लागायचं काय कारण? भाजीत मीठ आहे ना विचारलं, तर मी पानावरून उठते का?"

पोरीला काहीतरी ठाऊक आहे. चेहऱ्यावरून कळतं.

२० मार्च
राग जाईना. तिला दाखवायचं म्हणून लहान विभाजक काढले. सात – बाकी दोन. अकरा – एक. तेरा – सहा. सतरा – शून्य.

पुन्हा भागलं. शून्य. उलट गुणून पाहिलं: एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीस गुणिले सतरा. तीच संख्या. महिनाभर वरचे मजले शोधत होतो आणि हा दारातच बसलेला.

नग एका साच्यातून येतात. संख्या नाही येत.

मग राहवेना. आधीच्या सातांच्या सतराने उरणाऱ्या बाक्या ओळीने मांडल्या – चौदा, आठ, सोळा, अकरा, बारा, पाच, तीन. मग शून्य. प्रत्येक बाकीला दहाने गुणा, एकवीस मिळवा, सतराने भागा – पुढची बाकी तयार. म्हणजे शून्य येणारच होतं! किती देखणं आहे हे. नियम मोडला त्याचं दुःख तासभर विसरलो.

संध्याकाळी आठवलं. उद्या काय सांगू? लेकीची मान खाली जाईल. ही म्हणाली, "ताप आल्याचं कळवायचं तर आत्ता कळवा. शर्टाची इस्त्री वाचेल."

शर्टाला इस्त्री करायला सांगितली.

२१ मार्च
सात संख्या फळ्यावर लिहिल्या. आठवी? सगळी सभा म्हणाली, "मूळ!" मीही तेच म्हणत होतो, असं सांगून सतराने भागून दाखवलं. मुख्याध्यापिका बाक्या उतरवून घेत होत्या.

बाहेर लेकीला म्हटलं, "तुला आधीच ठाऊक होतं."

"नाही हो. मुख्याध्यापिका बाई विचारतील म्हणून तुम्हाला विचारून ठेवलं. मी तर ती मूळ आहे असं वर्गात शिकवलंसुद्धा. तुम्ही म्हणालात, मग मी कशाला तपासू?"

फळ्यासमोर कान तापले नव्हते. तेव्हा तापले.