एकाहत्तर किलोची फळी

आदरणीय दादा,

नमस्कार. इकडे सगळं क्षेम आहे. घरात मी एकटाच असल्यामुळे त्याबद्दल दुसरं मत नाही. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का ते कळवा. वहिनींना माझा नमस्कार सांगा आणि त्यांना म्हणावं, तुमची नणंद सोमवारी जी निळी फळी काखेत मारून तुमच्याकडे आली, तिच्यावर कुंड्या मांडू नका. (वहिनी फोनवर म्हणाल्या, छान बसतात. बसत असतील.) ती वेकबोर्ड नावाची वस्तू आहे. तिला पाय बांधून पाण्यात बसायचं, पुढून दोरी ओढते आणि मग ज्याला जमतं तो उभा राहतो. हिच्या रागाची बाजू तुम्ही थोरले भाऊ म्हणून ऐकली असेलच. माझी बाजू फक्त फळीची आहे, तेवढी ऐकून घ्या.

तळ्यावरच्या क्लबात ही अकरा वर्षं तिकीटखिडकीत बसते, हे तुम्ही जाणताच. ही तिकिटं फाडते आणि लोक खांबांवरून फिरणाऱ्या दोरीला धरून पाण्यावर मजा मारतात. यंदा मालकांनी जाहीर केलं की नोकरीतल्या माणसांना रविवारपासून नवशिक्यांच्या वर्गात फुकट शिकवू, फळी मात्र ज्याची त्याने आणायची. पन्नाशीला दोन वर्षं उरलेली तुमची बहीण पहिलं नाव देऊन मोकळी झाली. मी म्हटलं, हौसेला मोल नसतं पण फळीला असतं, तेव्हा मीही येतो दुकानात. नसतो गेलो तर बरं झालं असतं.

दुकानदार भला माणूस. (खांदे एवढे की तयार शर्ट काखेत काचत होता, पण मी बोललो नाही.) तो म्हणाला, पहिली फळी महागातली घेऊ नका, कमी बाकाची घ्या म्हणजे पाण्यावर शांत चालते, बूट घट्ट बघा, आणि लांबी उंचीवर नाही, वजनावर ठरवा. साठ किलोच्या आत असाल तर ही निळी, गेल्या वर्षीची, निम्म्या किमतीत. साठच्या वर असाल तर ती लांब, पूर्ण किमतीत. विकलेला माल परत नाही. मग त्याने विचारलं, ताई, वजन किती? ही म्हणाली, अठ्ठावन्न.

आता दादा, आमच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप शिंपी मोठ्याने उच्चारत नाही. टेप गुंडाळायची, वहीत आकडा लिहायचा, वही मिटायची. गावभरच्या कमरा तीस वर्षं माझ्या पोटात आहेत, एकही बाहेर पडलेली नाही. आणि त्या दिवशी तीन परकी माणसं उभी असताना मी म्हणालो, "एकाहत्तर." हेतू निव्वळ काटकसरीचा होता. आखूड फळी हिच्यासकट बुडाली असती आणि पैसेही बुडाले असते.

दुकानदार एकदम खाली वाकून स्क्रू निवडायला लागला. हिने शांतपणे विचारलं, तुम्हाला कसं कळलं? इथे गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं, पण विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात ती हीच. मी खुलासा केला. लग्नापासून हिचे कपडे मीच शिवतो. दर दीड-दोन वर्षांनी, ही कामावर गेली की, मी बाजूची शिवण उसवतो, आत दाबलेलं कापड अर्धा इंच सोडतो, इस्त्री मारतो आणि कपाटात होतं तसं ठेवतो. लग्नानंतर शिवलेला जांभळा ड्रेस हिला अजून होतो आणि ही मैत्रिणींना ते कौतुकाने सांगते. मी तर कुठल्या साली किती सोडलं तेही सांगून टाकलं. मला वाटलं, एवढी काळजी घेतली म्हणून बाईला भरून येईल.

ही म्हणाली, "म्हणजे मी होते तशीच आहे, हे तुम्ही शिवत होतात." मग निळ्या फळीचे पैसे मोजले आणि दुकानातून थेट तुमची बस धरली.

दुसऱ्या दिवशी मी लांब फळी घेऊन आलो. नवी नाही, एका दंतवैद्याची आहे. दोनदा वापरलेली, कारण तिसऱ्यांदा जायच्या आधी त्याचाच दात पडला होता. तळाला ओरखडे आहेत, कडा शाबूत आहेत, बुटांची शिवण ओढून पाहिली, दुहेरी आहे. माल न तपासता कसा द्यायचा, म्हणून स्वतःच पाण्यात उतरलो. क्लबातला शिक्षक म्हणाला, उठायची घाई करू नका, दोरीला ओढू द्या. मी घाई केली. "अरे" म्हणायला लागतो तेवढा वेळ उभा होतो, त्यातला "रे" पाण्याखाली झाला. फळी मात्र उत्तम आहे.

तेव्हा मला कुणाची मनधरणी करायची नाही. माझं माप बरोबर होतं आणि ते मी मागे घेणार नाही. तुम्ही फक्त ती निळी फळी परत पाठवा, म्हणजे विषय मिटला.

तुमच्या बहिणीचा नवरा
(सध्या नावापुरता)

ता. क. निळी फळी मला हवी आहे. वजनाला अठ्ठावन्न मीच भरतो.

ता. क. २. टपालाने रविवार उलटेल म्हणून पत्र बसच्या चालकाच्या हाती देतो आहे. पत्र नेतो म्हणाला, पण फळी एकटी आणणार नाही म्हणतो, बरोबर माणूस लागेल. ते माणूस शनिवारी संध्याकाळपर्यंत पोचलं तर सोयीचं होईल.

ता. क. ३. खिडकी बंद राहिली तर वर्गातून हिचं नाव कापू असं मालक म्हणाले, म्हणून माझ्या दुकानाला कुलूप लावून बुधवारपासून तिकिटं मी फाडतोय. दादा, त्या खिडकीतून अख्खं तळं दिसतं. लोक पडतात, हसतात, पुन्हा दोरी धरतात. अकरा वर्षं हे बघून ही संध्याकाळी घरी यायची आणि मी विचारायचो, जेवायला काय आहे. माझं चुकलं. रविवारी ती पाण्यावर कशी दिसते ते मला त्या खिडकीतून बघायचं आहे, एवढं तिला सांगा.