कुठं वळलं, ते तुलाच सांगायचं होतं

प्रिय दादा,

आपल्या लाडक्या बँडचं नवं गाणं आलं! पूर्णा गावच्या गोदामात माझी दुपारची शिफ्ट होती. स्कॅनर बाजूला ठेवून जेवायला बसले आणि तुझ्याच फोनवर दिसलं. हो, तुझा फोन आता मी वापरते. डबा तसाच राहिला. इतकी वर्षं तू ज्याची वाट बघितलीस ते आलं आणि तू नाहीस, म्हणून हे लिहितेय.

तुला एवढी कसली घाई झाली होती रे? साधी कावीळ आहे, साधी कावीळ आहे म्हणत गेलास.

अख्ख्या भिवंडीत प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणारे आपण दोघंच असू. एक तू, आणि दुसरी तू जबरदस्तीने बसवलेली मी. वीस-वीस मिनिटांची गाणी! आधी मला वाटायचं, यांना थांबवायला घरचं कोणी नाही का? आणि तुझा नियम, नवं गाणं पहिल्यांदा ऐकताना बोलायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. संपलं की तू एकच विचारायचास, "सुरे, कुठं वळलं?" गाणं जिथे अचानक भलत्याच वाटेला लागतं ती जागा मी ओळखायची. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. मी कायम चुकायचे. ड्युटीवरही तू पॉवरलूमच्या खटखटीवर बोटांनी सात मात्रांचा ठेका धरायचास आणि मुकादम म्हणायचा, "पागल हो गया है ये लड़का."

तुझ्या दहाव्याचं तुला सांगायचं राहिलंच. अकलोलीला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ऊन चढलं. आई रडून रडून दमली होती. काकांनी हात जोडले, "सुरेखाचं लगीन आमी थाटात करू, तू काय काळजी करू नको." कावळा फांदीवरून हलला नाही. आत्या म्हणाली, "पोराचा जीव कशात तरी गुतलाय." कशात, ते मला नाही तर कोणाला माहीत असणार? मी मागे बायकांत उभी होते. तोंडातल्या तोंडात म्हटलं, "दादा, नवं गाणं आलं की तुला ऐकवीन." आणि कावळा खाली आला, शिवला, भात घेऊन उडाला.

सगळ्यांना वाटलं, काकांचं वचन पोचलं! मी खरं सांगितलं असतं तर मलाच वेड्यात काढलं असतं. मग काय, लागले सगळे स्थळं बघायला. अंबाडीच्या हार्डवेअर दुकानवाल्याशी ठरलंय माझं. तुझ्यामुळे, बरं का!

रविवारी मी शब्द पाळला. अकलोलीला त्याच जागी फोन दगडावर ठेवला आणि आवाज फुल केला. दादा, काय गाणं आहे! आधी नुसता ऑर्गन, मग खालून हळूच बेस, मग ड्रम सातात शिरतात आणि माझी बोटं आपोआप मोजायला लागली. गायक म्हातारा झालाय रे. त्याचा तो वरचा सूर यायला हवा तिथे तो सरळ गप्प होतो, आणि तेवढी ओळ गिटार एकटी म्हणते. तिथेच वळलं. मला एका ऐकण्यात कळलं, पहिल्यांदाच! मी वर बघितलं. ड्रम सुरू झाले तेव्हाच कावळे उडून गेले होते.

"सुरे, कुठं वळलं?" असं कोणी विचारलं नाही. तू कुठेच नाहीस, हे मला दहाव्याला नाही, त्या दिवशी कळलं. त्या कावळ्याला भूक लागली असेल, बाकी काही नाही.

नंतर मी ते गाणं त्यालाही ऐकवलं, अंबाडीवाल्याला. माणूस वाईट नाही. शांतपणे बसला, मग घड्याळ बघून म्हणाला, "चांगलं हाय. पन संपनार कधी?" मी बंद केलं.

उद्या मी गेले आणि माझा जीव कशात अडकला, तर नदीकाठी नेमकं बोलायला कोण आहे? कोणी पोरांचं नाव घेईल, कोणी दागिन्यांचं. ज्याला माहीत होतं तो आधीच गेला. म्हणून तुला वचन देते दादा, मी कोणाला उन्हात उभं ठेवणार नाही. कोणी काही न बोलताच पिंडाला शिवून जाईन.

तुझी,
सुरे