फोन कुणी धरला होता?

शिरवणे, नेरूळ
रविवार, १६ ऑगस्ट

चि. रणजीत,
ताईचे अनेक आशीर्वाद.

घरी सगळी बरी असाल. आईच्या गुडघ्यासाठी तेल पाठवलंय, ते एव्हाना पाटणला पोचलं असेल. रोज लावून घ्यायला सांग, बाटली देवघरात ठेवून गुडघा बरा होत नाही. इकडे आम्ही ठीक. तुझे दाजी मार्केटला कांद्याच्या गोणी उचलतात, पाठ दुखते म्हणतात आणि सुट्टी घ्या म्हटलं की डोळे वटारतात. माझे डबे वाढलेत. कंपनीतली पोरं माझ्या आमटीवर खूश आहेत.

आजच्या काळात पत्र कशाला, असं म्हणशील. फोन तू उचलत नाहीस. आणि उचललास तरी नुसतं 'ताई' म्हटलंस की मी पाघळते, हे तुला पक्कं ठाऊक आहे. कागदावर मला कुणी मधे तोडत नाही.

उत्कर्षाला पुण्याला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला. तुला कळवायचं राहिलं. राहिलं कसलं, मुद्दामच कळवलं नाही. पोर अभ्यासाला किती झिजली ते तू पाहिलंयस. तिच्या शिक्षणासाठी कर्ज काढायला आम्ही दोघी बँकेत गेलो. साहेबांनी संगणकात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, तुमच्या नावावर एका फायनान्स कंपनीचं लोन थकलंय. ते मिटेपर्यंत मुलीचं होणार नाही." मी म्हटलं, "साहेब, मी कोथिंबीरसुद्धा उधार घेत नाही." पण कर्ज होतं. पत्ता माझा, पॅन माझं, आधार माझं.

शेजारची झेबा बेलापूरला ऑफिसात असते. तिनं मला बसवून एकेक काम करून घेतलं. आधारचे ठसे लॉक केले, बँकेचे पिन बदलले, माझ्या नावावर कुठे काय चाललंय ते सगळं शोधलं. कर्जाचे पैसे पाटणच्या एका खात्यात गेले होते. ते खातंही माझ्याच नावाचं, आणि मला त्याचा पत्ता नाही! पोलिसांत तक्रार दिली, अनोळखी माणसाविरुद्ध. बिल्डिंगमध्ये कुणी डिलिव्हरीवाल्यावर संशय घेतला, कुणी सिमकार्डवाल्यावर. मी तर त्या चोराला उभ्याआडव्या शिव्या घातल्या. आता त्या मागे घ्याव्यात की राहू द्याव्यात, माझं मलाच ठरवता येत नाही.

कारण पुढच्या वेळी पोलिसांनी मला फोटो दाखवला. कर्ज देताना कंपनीनं माणूस खरा आहे का ते बघायला मोबाईलवर व्हिडिओ घेतला होता, त्यातला. कपाळावर कुंकू, अंगावर तू दिलेली हिरवी साडी, मागे आईच्या खोलीचा पडदा. भाऊबीजेचा दिवस, रणजीत. तुला ओवाळून मी नुकतीच ताट खाली ठेवत होते. तू म्हणालास, "ताई, हक्कसोडीचं काम आता ऑनलाइन असतंय. इकडं बघ, डोळे मिचकाव, मान फिरव." मी हसत हसत मिचकावले. माझ्या मोबाईलवर आलेले आकडे मीच तुला वाचून दाखवले. बहिणीनं माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडायचा, भावाला नाही म्हणायचं नाही, ही आपली रीत. त्या रीतीत मी कागद न वाचता सह्या केल्या. परका माणूस असता तर मी दहा प्रश्न विचारले असते.

इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या, "ताई, चेहरा तुमचा, डोळे पण तुमीच मिचकावलेत. मग फोन कुणी धरला होता?"

दोन दिवसांनी सांगते म्हणून उठले.

घरी तुझ्या दाजींना सांगितलं. ते चप्पल घालूनच उठले, "म्या जातो पाटणला, बघतो त्याच्याकडं." मी त्यांना बसवलं. म्हटलं, नाव माझं वापरलंय, निस्तरणार मी. मग आईचा फोन आला. म्हणजे पाटणच्या बँकेत पोलिसांची चौकशी झाली तेव्हाच तू तिला सांगून ठेवलं होतंस. "राखीपुनव तोंडावर आलीया, आन् तू भावाला कोर्टात उभा करतीस व्हय? माहेर तुटंल गं तुझं." मी रडले. खूप रडले, ते लपवत नाही. पण आईनं एकदाही विचारलं नाही की उत्कर्षाचं काय होणार. कंपनीनं लेखी कळवलंय, फसवणूक कुणी केली ते सांगितलं नाही तर कर्ज माझंच. म्हणजे तुझं नाव लपवायचं तर पोरीला घरी बसवायचं. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा तुझी सुरू व्हायची होती. तेव्हा मी काही बोलले नाही. पण उत्कर्षाच्या बाबतीत गप्प बसणं मला जमणार नाही.

शुक्रवारी जाऊन मी जबाब दिला. फोन माझ्या भावानं धरला होता, असं सांगितलं. खाली सही केली, आणि या वेळी वाचून केली.

आणखी एक. झेबानं मोबाईलवर सातबारा काढून दाखवला. त्यावर माझं नाव अजून आहे. म्हणजे ज्या कामाच्या नावाखाली कागद नेलेस, ते तू केलंच नाहीस. मी ती जमीन तुला फुकट देणार होते रे! आता देणार नाही. आईला तसं मीच कळवीन, तिला मधे घालू नकोस.

पैसे कशाला लागले ते मी विचारत नाही. मागितले असतेस तर हातातली पाटली काढून दिली असती, याचंच जास्त दुःख आहे.

तुला चौकशीला बोलावतील. नेरूळला उतरलास की आधी घरी ये. जेवून घे, उपाशी पोटी तिकडे जायचं नाही. दाजी काही बोलणार नाहीत, मी त्यांच्याकडून तसं कबूल करून घेतलंय. मग पोलीस स्टेशनला मी तुझ्याबरोबर येईन. आत गेल्यावर तू खरं सांग. नाही सांगितलंस, तर तुझ्या शेजारी बसून मी सांगेन.

तुझीच,
विजयाताई