एकदाच दाबा

१२ मे २००३, सोमवार
पोस्टमन चार पाकिटं टाकून गेला. चारही वधूवर मंडळाची. आत एकच मजकूर — जयसिंगपूरच्या शिवकुमार मगदूम यांना आपली थोरली कन्या पवित्रा पसंत आहे.

अप्पा म्हणाले, "चारदा मागतोय? पोरात कायतरी खोट हाय."

मंडळाची वेबसाइट मीच केलेली, तेव्हा खोट कुठे आहे ते मला ठाऊक! नेट रडतखडत चालतं. पान हलत नाही म्हणून लोक 'पसंती कळवा' हे बटण दाबत बसतात. जितक्यांदा दाबलं तितक्या नोंदी, तितकी पाकिटं. तसं सांगून टाकलं — चुकून झालंय.

आक्का, म्हणजे पवित्राच, चारही पाकिटं मांडीवर घेऊन बसली होती. "म्हंजे एकदाच हुतं व्हय," म्हणाली. एक ठेवलं, तीन माझ्या हातात दिली. ती मी कपाटात टाकली.

१३ मे
मंडळाचे सेक्रेटरी सोमलिंगअण्णा तणतणत ऑफिसात. "कबनूरच्या पोरीला एकाच पोराची सात पाकिटं गेल्यात! तिच्या बापानं फोनवर माझी पूजा बांधली. पोष्टाची तिकिटं काय झाडाला लागत्यात?"

बटणाखाली सूचना टाकली: एकदाच दाबा.

१४ मे
सूचना कोणी वाचत नाही. एकदा दाबलं की बटण बंद पडेल असं केलं. आता लोक पान रिफ्रेश करून तेच पुन्हा पाठवतात. धन्य!

१५ मे
जमलं. फॉर्म उघडला की त्याला नवा नंबर मिळतो. तो नंबर एकदा आला की खलास. मग दहादा दाबा, रिफ्रेश करा, बटणावर नारळ फोडा — पाकीट एकच.

जेवताना अप्पांना समजावलं : एसटीचं तिकीट. त्याच तिकिटावर दुसरी फेरी नाही.

"दुसऱ्या फेरीला नवं काढायचं की," आक्का म्हणाली. आमच्यात डोकं तिलाच आहे.

१७ मे
अप्पा जयसिंगपूरला उत्तर देणार नाहीत. "पायाचं त्यानं वाचलंय तरी का?"

'डावा पाय पोलिओने अधू, काठी लागते' — आक्काने मला बटणाच्या बरोब्बर वर लिहायला लावलंय. "बघायला येऊन, पोहे खाऊन कळवत न्हाईत. त्यापरीस आधीच कळू दे," म्हणाली होती.

"चुकून दाबलं असंल," अप्पा म्हणाले. "चुकीला काय उत्तर द्यायचं?" चूक हा शब्द माझाच. मला रडू आलं.

१९ मे
आजच्या नोंदींत शिवकुमार मगदूम — पुन्हा पवित्रा. नंबर नवा! म्हणजे पान नव्याने उघडलं, ती ओळ ओलांडून खाली आला, मग दाबलं.

मग जुन्या चार नोंदींच्या तारखा काढल्या. त्या मी बघितल्याच नव्हत्या. चार वेगळे दिवस. पाकिटं एकदम आली, कारण सोमलिंगअण्णा पोस्टात आठवड्यातून एकदाच जातात.

कपाटातून तीन पाकिटं काढली. आक्काला नेऊन दिली.